मधले वीस फूट

एंडोस्कोपीच्या खोलीत मी अकरा वर्षं काढली. डॉक्टर दुर्बीण घालतात, बघतात, निदान करतात आणि नाव त्यांचं होतं. पेशंटची मान धरायची, लाळ पुसायची, 'गिळा, गिळा, नाकानं श्वास घ्या' म्हणून घसा कोरडा करायचा आणि शेवटी ती दुर्बीण धुऊन टांगायची, हे सगळं सिस्टरनं. तक्रार नाही माझी. पण एवढी वर्षं बघून बघून सिस्टरलाही दिसायला लागतं, हे डॉक्टरांच्या डोक्यात येत नाही, एवढंच.

ही हकिकत शहाण्णव सालची. तेव्हा वरून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून जेमतेम पुढच्या वळणापर्यंत जायची. खालून घातलेली मोठ्या आतड्याच्या टोकाशी थांबायची. मधलं लहान आतडं, वीसेक फूट, कुणालाच दिसत नसे. तिथे काही बिघडलं तर एक्स-रे काढायचे आणि अंदाज बांधायचे, नाहीतर सर्जननं सरळ पोट उघडायचं.

मालतीबाईंचं रक्त त्या मधल्या वीस फुटांतच कुठेतरी जात होतं. शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं. हिमोग्लोबिन पाचावर आलं होतं. आठ महिन्यांत तीनदा रक्ताच्या बाटल्या चढवून झाल्या. वरची दुर्बीण झाली, जठर स्वच्छ. खालची झाली, मोठं आतडं स्वच्छ. लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं म्हणून त्या बंद करून पाहिल्या, तरी काळंच. आणि पुन्हा महिन्याभरात बाई पांढऱ्याफटक.

मालतीबाई म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. मुंबईजवळच्या बोनकोड्याच्या मूळच्या, आगरी. शेतं सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट आला, घरावर तीन मजले चढले, त्यातल्या पहिल्या मजल्यावर मी आणि माझे मिस्टर नऊ वर्षं भाड्यानं. मी लांज्याची. मिस्टर सोडले तर इथे माझं म्हणावं असं माणूस नव्हतं. पहिल्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा या बाईनं दीड महिना माझं ताट वर पाठवलं होतं. त्यांना मी मावशी म्हणायचे. त्या मला शिस्टर म्हणायच्या, लाडात आल्या की बाय. मुलगा धनेश बांधकामाच्या धंद्यात, तोंडानं फटकळ, पण आईपुढे मांजर.

मावशींचे गुडघे कामातून गेले होते. चाळीस वर्षं चिखलात वाकून भात लावल्यावर दुसरं काय होणार? जिना उतरताना एकेका पायरीवर 'आई गं' ऐकू यायचं. मला ते ऐकवेना. आणि माझ्याकडे गोळ्या होत्या.

त्या काळी औषध कंपन्यांची माणसं बॅगा घेऊन यायची आणि सॅम्पलच्या गोळ्या डॉक्टरांच्या टेबलावर ओतून जायची. डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, घेऊन जा हो हे." आम्ही न्यायचो. प्रत्येक सिस्टरच्या घरी एक पिशवी असायची आणि गल्लीतला प्रत्येक माणूस तिच्याकडे हक्कानं यायचा. त्यातल्याच दुखण्यावरच्या गोळ्या मी मावशींना द्यायला लागले. रोज दोन. दीड वर्ष.

मी काही अडाणी नव्हते. दुखण्याच्या गोळीनं जठराला जखम होते, हे मला पाठ होतं. अशी किती जठरं मी पाहिली होती! म्हणून मी मुद्दाम वेष्टनाची गोळी निवडली, जठरात न विरघळता पुढे जाऊन विरघळणारी. शिवाय सोबत अॅसिडिटीची कॅप्सूल. मिस्टरांना म्हटलंसुद्धा, "बघा, एवढी काळजी डॉक्टरही घेत नाहीत." स्वतःवर भलतीच खूश होते मी.

मावशींना काळं व्हायला लागलं तेव्हा माझा पहिला संशय त्या गोळ्यांवरच गेला. पण वरच्या दुर्बिणीत जठर आरशासारखं निघालं आणि माझा जीव भांड्यात पडला. जठर स्वच्छ म्हणजे गोळीचा दोष नाही. झालं. सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, ओपीडीत विचारलं होतं, "आजी, दुखण्याची गोळी वगैरे काही घेता का?" मावशी म्हणाल्या, "नाय बा." मी शेजारीच उभी होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मागच्याच महिन्यात सॅम्पल विकताना सापडला म्हणून एका वॉर्डबॉयला घरी बसवलं होतं आणि ते मीच मावशींना रंगवून सांगितलं होतं. मीही मूग गिळून बसले. जठर स्वच्छ आहे ना, मग कशाला उगाच, असं म्हणून.

ऑगस्टमध्ये सर खुशीत आले. लहान आतड्यात जाणारी लांब दुर्बीण एक कंपनी दोन दिवस डेमोसाठी देणार होती. सव्वादोन मीटर लांब. तिच्यावरून एक ताठ नळी चढवायची, म्हणजे दुर्बीण जठरात वेटोळं न करता सरळ पुढे सरकते. सगळे वीस फूट नाहीच, पण पहिले तीन-चार तरी दिसणार. सर मला म्हणाले, "तुमच्या त्या घरमालकीणबाईंना बोलवा."

धनेश सहीला आला. पेन हातात धरून म्हणाला, "डॉक्टर, सरळ सांगा. हे आत फाटनार-बिटनार तर नाय ना?"

सरांनी लपवलं नाही. "फाटू शकतं. क्वचित. त्या बाहेरच्या नळीत आतड्याचं अस्तर चिमटू शकतं. जास्त जोर लावला तर आतडं फाटतं, मग लगेच ऑपरेशन. भुलीच्या इंजेक्शननं श्वास मंदावू शकतो. पण नुसतं बसून राहिलो तर त्या अशाच रक्त गमावणार. सर्जनकडे पाठवलं तर तो पोट उघडून आतडं हातात घेऊन शोधणार. त्यापेक्षा हे बरं."

धनेश माझ्याकडे वळला. "ताई, तुमी आत असनार ना?"

"असणार."

"मंग द्या इकडे." त्यानं सही केली.

मावशी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ती दुर्बीण बघत होत्या. "एवढी लांब? गो बाय, ही काय माज्या पायातून काडतात काय?"

"गप्प पडा मावशी. तोंड उघडा, फवारा मारायचाय."

"कडू हाय का?"

"कारल्यासारखा."

"मंग सोय झाली. रातीपासून पोटात काय नाय." आणि फवाऱ्यानं ठसका लागेपर्यंत त्या हसत होत्या.

इंजेक्शननं डोळे मिटले. दुर्बीण जठरातून पुढे गेली, वळण ओलांडलं आणि पडद्यावर असा भाग आला जो आमच्यापैकी कुणी जिवंत माणसात पाहिला नव्हता. गुलाबी, मखमली, गोल गोल घड्या. कंपनीचा माणूस टाळ्या वाजवायचाच बाकी होता. सर पुढे सारत होते आणि मी दोन्ही हात मावशींच्या पोटावर ठेवून दाबून धरले होते, आत वेटोळं होऊ नये म्हणून.

मग जखमा दिसल्या. एक, दोन, मग मोजणं सोडलं. पिवळ्या बुडाच्या उथळ जखमा, एकीतून ताजं रक्त झिरपत होतं. आणि त्यांच्या पुढे आतड्यात एक पातळ कडी तयार झालेली, मधलं भोक करंगळीएवढं.

"टीबी," सर म्हणाले. "दुसरं काय असणार? आपल्याकडे लहान आतड्यात जखमा आणि अरुंदपणा म्हणजे टीबीच. तुकडे घेऊ. रिपोर्ट येईपर्यंत थांबायला नको, औषधं सुरूच करू. नऊ महिने."

तुकडे घेतले. दुर्बीण कडीशी टेकली. पलीकडे जाईना.

"पलीकडे बघायला हवं," सर म्हणाले. "सिस्टर, दाबा जोरात. उद्या ही दुर्बीण परत जाणार."

मी दाबलं. सरांनी रेटलं. कडी ताणून पांढरी पडली. मावशी झोपेतच कण्हल्या, माझ्या हाताखाली पोट कडक झालं.

माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते सरळ सांगते. वेष्टनाची गोळी जठरात विरघळत नाही. मग विरघळते कुठे? इथेच. मी निवडून निवडून दिलेली गोळी रोज दोनदा, दीड वर्ष, नेमकी इथे येऊन विरघळत होती. आणि अॅसिडिटीची कॅप्सूल जठर राखत होती, म्हणून जठर आरशासारखं. माझी सगळी हुशारी मला पडद्यावर दिसत होती. बोलले तर नोकरीवर गदा, नाही बोलले तर सर ती कडी रेटणार. खोलीत चार माणसं होती आणि मला एवढी लाज वाटली की कानशिलं तापली.

"आणखी थोडं," सर म्हणाले.

"सर, थांबा."

"काय?"

"रेटू नका. फाटेल. हा टीबी नाही. मावशी दुखण्याच्या गोळ्या घेतात. दीड वर्ष, रोज दोन. वेष्टनाच्या. मी देते. सॅम्पलच्या."

पोटावरचे हात मी काढूनच घेतले. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पडद्याकडे बघत राहिले, त्या पातळ कडीकडे. मग दुर्बीण बोटभर मागे घेतली.

"असं वाचलंय मी," ते हळू म्हणाले. आणि मग ओरडले. काय काय म्हणाले ते लिहीत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. दुर्बीण मात्र त्यांनी इंच इंच जपून बाहेर काढली, आतडं शाबूत राहिलं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. सर राउंडला आले. धनेशला बाहेर पाठवून त्यांनी मावशींना विचारलं, "आजी, या सिस्टरनं तुम्हाला दुखण्याच्या गोळ्या दिल्या?"

"छे! कुनी सांगला?"

"सिस्टरच सांगतायत."

"खोटा बोलते ती. मी कसली गोली खात नाय. देवाशपथ."

सर माझ्याकडे आणि मी मावशींकडे. सर वैतागून म्हणाले, "तुम्ही दोघी आधी काय ते ठरवा. संध्याकाळपर्यंत मला कळलं नाही तर मी टीबीची औषधं सुरू करणार. पेशंट नाही म्हणतोय, कशाच्या जोरावर थांबू मी? आणि कडी आहेच म्हटल्यावर सर्जनलाही बोलावतो."

ते गेले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पडदा ओढला. "मावशी, वेड लागलंय का? नऊ महिने नको ती औषधं खाल. लिव्हर खराब होतं त्यांनी. पोट फाडतील उगाच. कुणासाठी खोटं बोलताय?"

"तुजी नोकरी जाईल ना गो."

"जाऊ दे! तुम्ही मराल त्याचं काय? त्या गोळ्यांनीच रक्त जातंय तुमचं!"

"ठाव हाय मना."

मला वाटलं इंजेक्शनची धुंदी अजून उतरली नसेल. "काय ठाऊक आहे?"

"तू मे महिन्यात गावाला गेलतीस. पंदरा दिस. गोल्या संपल्या. चार-पाच दिसांत काला व्हायचा थांबला. तू आलीस, गोल्या दिल्यास, परत काला." बोटावर मोजावं तसं त्या सांगत होत्या. "शिमग्याला पन तसाच झालता."

आठ महिने. तीनदा रक्त. दोन दुर्बिणी, एक्स-रे, डेमोची दुर्बीण मुंबईहून टॅक्सीनं आणवलेली. आणि या बाईला सगळं ठाऊक.

"मग बोलला का नाहीत?"

"इचारला कुनी? गोली खाता का, येवडाच इचारला. खाते म्हनलं असता तर बंद केली असती ना तुमी."

"अर्थातच बंद केली असती!"

"मंग भिमीला आंगोल कोन घालनार?"

भिमाबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. जवळच्या पावणे गावात राहायची, कारखान्याच्या भिंतीला लागून घर, विधवा, मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी लकवा होऊन डावं अंग गेलेलं. मावशी रोज सकाळी तिकडे जातात हे मला माहीत होतं, बहिणीकडे बसायला जातात असं वाटायचं. ती बिछान्याला खिळलेली, मावशी तिला उचलून मोरीत नेतात, आंघोळ घालतात, कपडे बदलतात, पालथी करून पाठ पुसतात, हे मला त्या दिवशी कळलं. ती नवऱ्याचं घर सोडायला तयार नव्हती. धनेशनं तिच्यासाठी कामाला दोन बायका ठेवून पाहिल्या. भिमाबाई थुंकायची, चावायची. दोघीही पळाल्या.

"दोन गोल्या खाल्ल्या तर मी तिला उचलते," मावशी म्हणाल्या. "नाय खाल्ल्या तर मनाच कुनी उचलाया लागतं. रगत काय, तुमी बाटली लावता, परत येतं."

मी त्यांच्यावर ओरडले. बाटल्या म्हणजे काय नळाचं पाणी आहे का, पुढच्या वेळी हॉस्पिटलपर्यंत पोचणारही नाही, असं बरंच. शेवटी म्हटलं, "भिमाबाईंकडे मी जाईन."

"तू?"

"मी. सिस्टर आहे मी. माणसं उचलायचाच पगार घेते."

मावशी कोपरावर रेलून उठल्या. मग म्हणाल्या, "रोज?"

"रोज."

संध्याकाळी त्यांनी सरांना खरं सांगितलं. टीबीची औषधं टळली, ऑपरेशन टळलं. तुकड्यांच्या रिपोर्टातही टीबी निघाला नाही. गोळ्या बंद. गुडघ्यांना पट्टा, शेक आणि तापावरची साधी गोळी, जिचा त्या गुडघ्यांवर शष्प परिणाम होत नव्हता. मला मेट्रननं एंडोस्कोपीतून काढून वॉर्डात टाकलं, महिनाभर रात्रपाळी दिली आणि वर लेखी ताकीद. नोकरी राहिली ती सरांच्या शब्दामुळे. धनेशला मीच सगळं सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, तुमी बोलला नसता तर फाटलाच असता ना? मंग विषय संपला."

आणि भिमाबाई. पहिला आठवडा मी रोज गेले. रात्रपाळी उतरून सरळ पावण्याला. ती माझ्या हाताला चावली, तरी मी आंघोळ घातली. दुसऱ्या आठवड्यात चार दिवस गेले. मग डबल ड्युट्या लागल्या, मिस्टरांना ताप आला, एकदा नुसती झोप लागून राहिली. कारणं सगळी खरी होती. सप्टेंबर संपता संपता मी रविवारीच जात होते. मावशी रिक्षानं रोज जायच्या, पण त्यांना तिला कुशीवर वळवताही यायचं नाही. उशाशी बसून तोंड पुसायच्या, दोन घास भरवायच्या आणि परत यायच्या. मला मात्र एकदाही म्हणाल्या नाहीत की तू का गेली नाहीस.

एका रविवारी मी भिमाबाईला वळवलं तर माकडहाडाशी मुठीएवढी जखम. हाडापर्यंत गेलेली. वास सुटलेला. अशा जखमा मी वॉर्डात रोज बघते, पडलेल्या माणसाला वळवलं नाही की त्या होतात हे मला कुणी शिकवायला नको. ड्रेसिंग केलं, धनेशला सांगून हॉस्पिटलात हलवलं, अँटिबायोटिक्स लावली. बारा दिवस टिकली.

तेराव्याला मी बोनकोड्याच्या घरी खाली गेले तेव्हा मावशी दारात बसल्या होत्या. गालांवर रंग आलेला. नखं गुलाबी. एवढ्या निरोगी मी त्यांना दोन वर्षांत पाहिल्या नव्हत्या. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्याच सकाळी धनेशनं आणलेला लॅबचा कागद होता. हिमोग्लोबिन साडेअकरा. तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

"हा घे तुजा रिपोट," त्या म्हणाल्या. "चांगला आलाय म्हनतात."

मग दाराच्या चौकटीला धरून त्या उठायला लागल्या. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.